पाच उकळ्या

जळगावात दोन माणसं भेटून जरा टेकली, की खिशातून डबी निघते. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. आमचे देवरे सरही डबी काढायचे. पितळेची, कडेनं झिजलेली, अगदी तशीच. फक्त ती उघडली की आत तंबाखू नसायची. कापसाच्या गादीवर अकरा बिया ओळीनं झोपवलेल्या असायच्या. एरंडाच्या चितकबऱ्या, गुंजेच्या लालकाळ्या, मोगली एरंडाची एक काळीभोर. डबी समोरच्याच्या नाकाखाली धरून सर म्हणायचे, "पाहा. खाऊ नका."

कॉलेजच्या तपासणीला बाहेरगावचे एक साहेब आले होते. प्राचार्यांशी बोलण्याच्या नादात त्यांनी सुपारी समजून डबीत बोटं घातली. सरांनी त्यांचं मनगट असं काही पकडलं की साहेबांच्या हातातला चहा प्राचार्यांच्या सफारीवर गेला. "साहेब," सर शांतपणे म्हणाले, "ही चावून खाल्ली असती, तर तुमचा अहवाल लिहायला दुसरा माणूस पाठवावा लागला असता." प्राचार्य पुढे महिनाभर सरांशी बोलत नव्हते. सरांना ते कळलंच नाही.

देवरे सर वनस्पतिशास्त्र शिकवायचे, मी इतिहास. कॉलेजच्या मागच्या वसाहतीत आमच्या दोन घरांत एकच भिंत होती. मी बोदवडचा, ते धुळ्याकडचे, साक्रीच्या बाजूच्या खेड्यातले. वर्गात स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायचे, पण राग आला किंवा आनंद झाला की तोंडातून अहिराणी यायची. रागाची कारणं पुष्कळ होती. आनंदाचं एकच, झाडातलं विष. पोरांनी त्यांचं नाव 'जहर सर' ठेवलं होतं, आणि सरांना ती पदवी वाटायची.

मला ते नावानं कधी हाक मारत नसत. "काय इतिहासवाले," म्हणायचे, "राजे किती आले नि किती गेले, एरंड तिथंच आहे." एरंडोल हे गाव एरंडानंच वसवलं, असं त्यांचं ठाम मत होतं. मी पुरावा मागितला की ते डबी उघडायचे. यापुढे इतिहास संशोधन होणं शक्य नव्हतं.

एकदा त्यांच्या वर्गाबाहेरून जाताना मी थबकलो, कारण आतून भटारखान्याची भाषा ऐकू येत होती. "पेशीत एक आचारी असतो," सर सांगत होते. "तो दिवसरात्र प्रथिनं रांधतो. एरंडाचं विष स्वतःही एक प्रथिनच. ते जाऊन थेट आचाऱ्याचाच हात धरतं. चूल बंद. घर उपाशी. पण ते आत शिरतं कसं? तर ते एकटं नसतं. जोडी असते. एक जण दार उघडतो, दुसरा आत जातो." मग फळ्याकडे वळून त्यांनी दोन गोळे काढले आणि हातात हात दिल्यासारखी एक रेघ ओढली.

"आता गंमत पाहा. यातला आत जाणारा जो आहे, त्याचे भाऊबंद सगळीकडे आहेत. कारल्यात आहे, गुलबाक्षीत आहे, तुम्ही सकाळी पोळी खाल्ली त्या गव्हात आहे. मग आपण मेलो का नाही? कारण तो तिथं एकटा आहे. दार उघडणारा जोडीदार नाही. बिचारा बाहेरच बसून राहतो." मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "पण सर, झाडाला एवढं जहर लागतं कशाला?" सरांचा चेहरा उजळला. "अरे, झाडले पाय नहीत ना भो! गाय आली, अळी आली, तर पळीसन जाई कोठे? जेले पळता येत नही, तेनी काय करो?"

'झाडले पाय नहीत' हे वाक्य मी पुढं इतक्या वेळा ऐकलं, की आमच्या घरात कुणी जागचं हललं नाही तरी तेच म्हटलं जाई.

घरामागं त्यांनी विषबाग केली होती. तिथं प्रवेशाचे नियम फार कडक. एरंडाला जागा, गुंजेच्या वेलाला मांडव, रानपडवळाला काठी, आंब्यावर बांडगूळ उगवलं तर त्याचा वाढदिवस. पण धोतरा आणि कण्हेर यांना बंदी. प्राचार्यांच्या सौभाग्यवतींनी सामायिक कुंपणाला पूजेसाठी कण्हेर लावली, तर सरांनी लेखी तक्रार दिली. मी विचारलं, "विष ते विष. त्यात जातपात कसली?"

"ते प्रथिन नाही!" सर खवळले. "त्याला उकळा, तळा, काही करा, बदलायचं नाव नाही. प्रथिनाचं जहर समजूतदार असतं. उकळी दिली की हट्ट सोडतं. माझा संबंध फक्त समजूतदार लोकांशी."

हे उकळीचं प्रकरण लग्नघरी फार जड जायचं. पाचोऱ्याला आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. पंगत बसली, पानं वाढली, आणि घेवड्याच्या भाजीची बादली घेऊन निघालेल्या माणसाला सर आडवे झाले. घेवडा अर्धकच्चा होता म्हणे. त्यात एरंडाइतकं नसलं तरी त्याच्या दूरच्या आप्ताचं प्रथिन असतं म्हणे. आचारी म्हणाला, शिजलाय. सर म्हणाले, किती उकळ्या दिल्या? आचाऱ्यानं आयुष्यात उकळ्या मोजल्या नव्हत्या. पंगत थांबली, वराचे वडील उठले, सर हातात डाव घेऊन भटारखान्याच्या दारात ठाण मांडून उभे. प्रकरण हातघाईवर येणार, एवढ्यात शालनवहिनी बायकांच्या पंगतीतून उठून आल्या.

शालनवहिनी म्हणजे सरांच्या पत्नी. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, नऊवारी कधी न सोडलेल्या. त्यांनी वराच्या वडिलांना नमस्कार केला, आचाऱ्याची चौकशी केली, तो त्यांच्या माहेरच्या शेजारगावचा निघाला, आणि भाजी पुन्हा चुलीवर चढली. अर्ध्या तासानं सगळे जेवले, वराचे वडील सरांच्या पानात जिलबी वाढत होते. "यांनाही तसंच असतं," वहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या. "पाच उकळ्या द्याव्या लागतात. मग माणूस गोड आहे."

सरांचं सगळं असंच चालायचं. कुणाच्या घरी जायचं झालं तर सर फाटकाशी उभे राहून कुंपणावरच्या वेलीची पानं मोजत, वहिनी दार वाजवून आत जात, हसत, बसत, आणि मग बाहेर येऊन सरांचा हात धरून त्यांना आत नेत. आत आल्यावर सर छान बोलत. पण स्वतःहून दार वाजवलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही.

अंगणातल्या नळाशेजारी एक एरंड होता. तो विषबागेत नव्हता. लग्नात वहिनींच्या आईनं लुगड्याच्या घडीत बांधून दिलेल्या बियांतून तो वाढला होता. "लोकांना सासुरवाडीहून घड्याळ मिळालं," सर सांगायचे, "मला पाव किलो जहर." आईचा हेतू वेगळा होता. मूल झालं की त्याची टाळू भरायला घरचं एरंडेल असावं, त्याच तेलाच्या दिव्यावर काजळ धरावं. मूल काही झालं नाही. वहिनी मात्र दरवर्षी बिया भाजून, कुटून, पाण्यात पाच उकळ्या देऊन वर आलेलं तेल काढायच्या आणि वसाहतीत ज्या घरी पाळणा हलला असेल त्या घरी वाटी घेऊन जायच्या. सगळं जहर खाली चोथ्यात राहतं, तेलात उतरत नाही, आणि उरलंसुरलं उकळीनं मरतं, हे सर आम्हाला भिंतीपलीकडून ओरडून सांगायचे. वहिनी म्हणायच्या, "माझ्या आईच्या आईलाही ठाऊक होतं हे. तिला फक्त फळा नव्हता."

मग वहिनी गेल्या. आजार तीन आठवड्यांचा. त्यांचं सगळं काम मुकाट्यानं व्हायचं, तसंच हेही झालं.

सरांनी डबी काढणं सोडलं. वर्गात जात, घरी येत, आणि संध्याकाळी ओट्यावर बसून राहत. कुणाकडं बोलावलं तर "येतो, येतो" म्हणत, फाटकापर्यंत येत, दोन पानं मोजत आणि परत जात. आम्ही म्हटलं, माणूस आधीपासूनच तऱ्हेवाईक, आता जास्त झाला. मी भिंतीपलीकडं राहत होतो आणि मलाही एवढंच सुचलं. आज आठवलं की माझीच मला लाज वाटते.

वहिनींना जाऊन दोन वर्षं झाली होती. आमच्या घरी तेव्हा दुसरी मुलगी झालेली, जेमतेम दोन महिन्यांची. होळीची वर्गणी, लाकडं, गोवऱ्या सगळं माझ्या अंगावर होतं. होळीच्या खड्ड्यात मधोमध एरंड उभा करतात. दरवर्षी आम्ही तो नाल्याकाठून आणायचो. त्या वर्षी नगरपालिकेनं नाला साफ केला, तो एरंडासकट. दुपार कलली, गोवऱ्या रचून झाल्या, आणि मधली जागा रिकामी. सर बाहेरचे परीक्षक म्हणून प्रात्यक्षिकांच्या परीक्षेला धुळ्याला गेले होते. कुंपणावरून पाहिलं तर त्यांच्या घरामागं एरंडच एरंड. पण ती विषबाग. तिथल्या एका पानाला हात लावायची माझी टाप नव्हती. एकेका झाडाला चिठ्ठी बांधलेली, गावाच्या नावासकट.

नळाजवळच्या झाडाला चिठ्ठी नव्हती.

मी शहाणपणानं विचार केला, की हे नोंदीतलं नाही, सांडपाण्यावर आपोआप उगवलेलं दिसतंय, गेलं तर सरांना पत्ताही लागणार नाही. वहिनींच्या बियांची गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. पण हातात कोयता आणि मागं वीस माणसं ओरडतायत, अशा वेळी इतिहासाच्या प्राध्यापकाला काहीही आठवत नाही. मी मुळाशी तीन घाव घातले. झाड चांगलं उंच होतं, वर बोंडांचे घोस वाळत आले होते. मिरवत आणलं, खड्ड्यात उभं केलं, दिवेलागणीला होळी पेटली. बोंडं तडतड फुटायला लागली तशा सगळ्यांनी बोंबा मारल्या. मीही मारली.

माझी बायको सुनंदा धाकटीला खांद्यावर घेऊन नैवेद्य दाखवायला आली. तिनं आगीकडं पाहिलं, मग सरांच्या अंगणाकडं पाहिलं. "कुठलं झाड तोडलंत?" तिनं विचारलं. मी सांगितलं. ती नैवेद्याचं ताट माझ्या हातात देऊन तशीच घरी गेली.

घरी गेलो तर तिनं माझ्यासमोर एक बाटली ठेवली. तपकिरी काचेची, प्रयोगशाळेतली. बुचाला दोरा गुंडाळलेला आणि वर चिकटवलेली चिठ्ठी. अक्षर मी ओळखलं. परीक्षेच्या बाटल्यांवर असतं तसंच, तिरकं, ठसठशीत. 'तेल. टाळूसाठी. पाच उकळ्या दिल्या आहेत. काळजी नसावी.'

"पोरीच्या डोक्यावर रोज तेल घालते, ते कुठून येतं वाटलं तुम्हाला?" सुनंदा म्हणाली.

मला वाटत होतं, बोदवडहून माझी आई पाठवते. खरं म्हणजे मला काहीच वाटत नव्हतं. बाळाच्या तेलाचा विचार मी कधी केलाच नव्हता.

"वहिनी गेल्यापासून ज्या घरी मूल होतं, त्या घरी सातव्या-आठव्या दिवशी सकाळी उंबऱ्यावर बाटली असते. दार वाजत नाही. आम्ही बायकांनी ठरवलंय, त्यांना कळू द्यायचं नाही की आम्हाला कळलंय. लाजून बंद करतील." तिचे डोळे भरले. "वर्गात पोरांना शिकवतात, आणि रात्री एकटे बसून कुटतात हो ते. तुम्ही त्यांचं झाड जाळलंत."

त्या झाडाची बी सरांच्या संग्रहात नव्हती. प्रयोगशाळेतल्या मदतनिसाकडं मी दुसऱ्याच दिवशी चौकशी केली. धुळे, शिरपूर, सातपुड्याच्या पायथ्यापर्यंतच्या गावांची बी पुड्यांत बांधलेली होती. ही नव्हती. एकदा त्यानं विचारलंही होतं, तर सर म्हणाले, "तो नमुना नाही."

सर बुधवारी येणार होते. मी मंगळवारी रजा टाकली आणि एरंडोलच्या एसटीत बसलो. वहिनींचं माहेर एरंडोलच्या पुढं, पद्मालयाकडे जाणाऱ्या वाटेवर. सुनंदानं नाव-खूण सांगितली होती. घर सापडलं. ओट्यावर वहिनींची आई गहू निवडत बसली होती. ऐंशीच्या घरातली, वाकलेली, पण गोल चेहरा तोच. सगळे तिला अक्का म्हणत. मी कोण, कुठला, ते सांगितलं. झाडाचं सांगताना माझी मान वर होईना.

अक्का रागावली नाही. "होळीमां गये का? चांगलं झाये. तेनं कामच शे ते," म्हणाली. मला हाताला धरून आत नेलं, झोपाळ्यावर बसवलं, चहा दिला. देवघराशेजारी वहिनींचा फोटो होता, हार ताजा होता. परसात त्याच जातीची तीन झाडं उभी होती. अक्कानं माझ्या रुमालात मूठभर बिया घातल्या. लहानशा, तांबूस, अंगावर पांढऱ्या रेघा.

निघताना तिनं विचारलं, "जवाई कसा शेतस?"

"बरे आहेत. एकटे असतात."

"दरसाल पोळाले येतस. ओटावर बठतस, पानी पेतस, निंघी जातस. घरमां मझार येत नहीत. शालू व्हती तव्हय तीच हात धरीसन आने." तिनं माझ्या रुमालाला गाठ मारली. "पोर गयी म्हनीसन जवाई परका थोडाच व्हस? तेस्ले सांगजा भाऊ, दार उघडंच शे."

परतीच्या एसटीत माझ्या डोळ्यांसमोर सरांचा फळा येत राहिला. दोन गोळे आणि मधली रेघ. मी रुमाल घट्ट धरून बसलो होतो.

बुधवारी सर आले तेव्हा मी त्यांच्या फाटकातच उभा होतो. पण त्यांनी माझ्याआधी नळाजवळचं खोड पाहिलं. पिशवी खाली ठेवली.

"कोणी?"

"मी, सर."

"होळीत?"

"हो. मधोमध."

ते खोडाशी उकिडवे बसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी रुमाल सोडून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी खिशातलं भिंग काढलं, एक बी उचलली, पण भिंगातून पाहिलं नाही. त्यांनी ते पुन्हा खिशात ठेवलं.

"तिथं गेला होतात?"

"हो."

"आत?"

"आत. झोपाळ्यावर बसवलं, चहा दिला."

"झोपाळा आहे अजून?" त्यांनी विचारलं. मग अगदी हळू, "आणखी काय आहे आत?"

"देवघराशेजारी वहिनींचा फोटो आहे."

"फोटो लावलाय?" सर म्हणाले. "मला माहीत नव्हतं."

मी अक्काचा निरोप सांगितला. सरांनी रुमालाची चारी टोकं नीट जुळवली, गाठ मारली आणि खोडाकडं पाहत म्हणाले, "झाडले पाय नहीत, भो." मग ते घरात गेले. मी फाटकात तसाच उभा राहिलो.

जूनमध्ये नळाशेजारी बी रुजली. सरांनी याही झाडाला चिठ्ठी बांधली नाही. श्रावण संपत आला तेव्हा रोपटं माझ्या कमरेला लागत होतं. एका सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "इतिहासवाले, पोळ्याला मोकळे आहात का?"

मी मोकळा होतो. नसतो तरी झालो असतो.

पोळ्याला गावात बैल सजले होते, शिंगांना बेगड, पाठीवर झुली. अक्काचं घर आलं. दार सताड उघडं होतं. सर ओट्याशी आले, चपला काढल्या, खिशातून डबी काढली, उघडली, बंद केली. उगाच अंगणातल्या पेरूची पानं मोजली. आणि सवयीनं ओट्यावर बसायला वाकले.

मी आत गेलो होतो. परत फिरलो, उंबऱ्याबाहेर आलो आणि त्यांचा हात धरला. एवढ्या मोठ्या माणसाचा हात मी कधी धरला नव्हता. मी ओढलं नाही, नुसता धरून राहिलो. मग सरांनी उंबऱ्यापलीकडं पाऊल टाकलं.

अक्का चुलीपाशी होती. तिनं वर पाहिलं, डोळ्याला पदर लावला आणि लगेच पाटावर ताट मांडायला घेतलं.

"हात धोई ल्या," ती म्हणाली. "पुरनपोळी थंडी व्हयी ऱ्हायनी."

सर पाटावर बसले. समोर वहिनींचा फोटो होता. त्यांनी ताटातल्या पुरणाकडं पाहिलं, मग अक्काकडं, आणि घसा खाकरून विचारलं, "डाळीला किती उकळ्या दिल्या?"

"पाच," अक्का म्हणाली. "खा आते."